दहा दिवसांचं चीवर

धान निघालं होतं, बांध्यांत धसकटं उभी,
त्यांच्यामधून लाखोरी वर येत होती,
तेव्हा धनपाल श्रामणेर झाला. दहा दिवसांसाठी.
पिपरडोहच्या विहारामागे, बोरिंगपाशी,
मोठ्या भंतेंनी पहिली बट कापली,
बाकीचं निबाबाईच्या पोरानं वस्तऱ्यानं काढलं.
मी पदर पसरून उभी. केस पदरात पडले.

त्याला पाच शब्द दिले, पाठ करायला:
केस, रोम, नख, दात, त्वचा.
सुलट म्हणायचे, मग उलट.
माणसाचे असे तुकडे पाडले की ओढ सुटते म्हणे.
मला शब्द नाही मिळाले.
मला त्याचं नवं नाव मिळालं,
आणि निरोप: आता भंते म्हणायचं.

सकाळी दानाच्या रांगेत तो चौथा.
पात्रात भात घातला, वर लाखोरीचं वरण,
पळी उंच धरली, हाताला हात लागू नये म्हणून.
त्यानं नजर खाली टाकली, माझ्या पायांवर.
तिथंही नखं होती.
घाईनं नजर उचलून त्यानं बोरिंगवर ठेवली.
मला हसू आलं. मग दिवसभर आलं नाही.

संध्याकाळी देसना.
वासना म्हणजे मांस नसलेलं हाडूक,
कुत्रं चघळतं, पोट भरत नाही.
वासना म्हणजे मागून आणलेला दागिना.
वासना म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून धरलेला गवताचा टेंभा.
बाया माना हलवत होत्या.
मी मनात म्हटलं, मागून आणलेल्या एकदाणीतच लागलं माझं लग्न,
दुसऱ्या दिवशी तानाकाकूला परत केली,
गळा माझाच राहिला.
आणि टेंभा धरून मोहळ उतरवलंय मी बापासोबत.
हात भाजतो. खोटं नाही ते.
मधही खोटा नव्हता.

देहाचे बत्तीस भाग सांगितले:
आतडी, पित्त, कफ, पू.
पोरांनी नाकं मुरडली.
माझी सासू चौदा महिने खाटेवर होती.
तिला उलटवलं, पुसलं, पाठीच्या जखमा धुतल्या,
बत्तीसच्या बत्तीस या बोटांखालून गेले.
त्याआधी मला ती आवडत नव्हती.

सातव्या दिवशी, ताटं घासता घासता, विचारलंच:
"संसारी माणसाले का सांगते जी धम्म?"
मोठे भंते म्हणाले, तिसरं शील.
आपल्या माणसात समाधान मानावं,
दुसऱ्याच्या घरात डोकावू नये.
"एवढंच?"
"तुमच्यासाठी एवढंच. आमचं औषध वेगळं."
मग बराच वेळ हात धूत राहिले.
"चाळीस वर्षं मोजतो आहे, बाई.
अजून कधी कधी दातांपाशी चुकतो.
एकीचा पुढचा दात तुटका होता."
आणि तोटी बंद केली.

अकराव्या दिवशी धनपाल घरी आला,
पँट कमरेत सैल झालेली.
पोरीनं टकलावर हात फिरवला आणि पळाली.
रात्री त्यानं गोधडी ओसरीवर टाकली. दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या रात्री, थंडीनं म्हणा,
आत आला, भिंतीकडे तोंड करून निजला.
"झोप नाही येत का?"
"डोळे मिटले का तू तुकड्या-तुकड्यानं दिसतं.
केस. रोम. नख. मंग भेव लागते."
"कुठवर आलास?"
"त्वचेवर."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
कापलेल्या बांधीत अनवाणी पाय पडावा
तसे खुंट तळव्याला लागले.
"अन् उलट म्हणता येते का?"

बाहेर कुत्रं भुंकत होतं. हाडकासाठी असेल, नसेलही.
बऱ्याच वेळानं त्यानं कूस बदलली
आणि त्वचेपासून सुरुवात केली,
हळू, पाठ केल्यासारखी नाही.
दातांपाशी मी हसले, नखांपाशी तो.
केसांपर्यंत पोचायला फार रात्र झाली.

त्याचे ते केस अजून डब्यात आहेत,
लाखोरीच्या बियाण्याशेजारी.
वैनगंगेत सोडायचे होते.
दर बाजाराला जाताना विसरते.